बस चुकलेली दीर्घिका

मी एक जुनी काच आहे. मित्रांनो, खिडकीची नव्हे, फोटोची. माझ्या एका बाजूला रसायनाचा पातळ थर आहे. तरुणपणी मला दुर्बिणीत बसवून रात्रभर आकाशाकडे तोंड करून ठेवले, तेव्हा दीर्घिकांचा एक अख्खा समूह माझ्यावर उतरला. माझ्याकडे सगळे उलटे दिसते. दीर्घिका जितकी तेजस्वी, तितका तिचा डाग काळा.

मग मी वेधशाळेतल्या मोजणीच्या बाईंच्या हाती आले. त्या भिंगातून प्रत्येक डागाचा काळेपणा मोजत. वेग मात्र दुसऱ्या काचांवरून कळे. तिथे दीर्घिकेचा प्रकाश पट्टीसारखा पसरलेला असे, आणि त्यातल्या रेघा किती सरकल्या ते बाई बघत. तो आकडा त्या माझ्या मागच्या, कोऱ्या बाजूवर बारीक टाकाने लिहीत. सगळ्यांत वेगाने पळणाऱ्या दीर्घिकेला त्या ‘बस चुकलेली’ म्हणत. पाहुणे आले की मलाच बाहेर काढत.

पुढे बाई निवृत्त झाल्या, नवी यंत्रे आली, आणि मी कागदी पाकिटात, कपाटात उभी राहिले. कुणी विचारलेसुद्धा नाही.

एके दिवशी बाईंची भाची मला स्कॅन करायला आली. ती आता तिथेच काम करते. यंत्राला शाई आणि दीर्घिका सारख्याच काळ्या. शाई पुसली नाही, तर तेजाची मोजणी चुकणार. तिने आधी शाईसकट माझा फोटो काढला, ओला बोळा उचलला आणि तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी ती बाईंनाच घेऊन आली.

“मला नाही पुसवत, मावशी. तुझं सगळं आयुष्य आहे यावर.”

बाईंनी चष्मा सारखा केला. “अगं, शाई माझी आहे. आकाश पलीकडच्या बाजूला आहे. आण तो बोळा.”

त्यांनी स्वतःच पुसायला घेतले. ‘बस चुकलेली’चा आकडा गेला, आणि त्याखाली एक अगदी फिकट डाग दिसला. दोघी भिंगावर वाकल्या. इतकी वर्षे एक लहानशी दीर्घिका शाईआड राहिली होती.

“म्हणजे ही एकटी नव्हतीच,” बाई हळूच म्हणाल्या. “सोबतीण होती की. आता हिचा वेग तू मोज.”

मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा कडांना धरा, बोटांचे ठसे राहतात. आणि कुणाचे अक्षर पुसायची वेळ आलीच, तर आधी ते नीट वाचा. मग बोळा हलक्या हाताने फिरवा.