आबांनी भरलेलं पिंप

हिराचे वडील, आबा, जाऊन एकवीस दिवस झाले, तरी तिने अंगणातल्या पिंपाला हात लावला नव्हता. आळे गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीवर नळाला चार दिवसांआड पाणी येई. अंगात ताप असतानाही आबांनी ते काठोकाठ भरलं, मग दवाखान्यात गेले आणि डेंगीने गेले. पाहुणे पांगले. घरात हिरा, बाहेर सात मेंढ्या. सकाळचा चहा ती पिंपापाशी बसून घेई.

आरोग्य केंद्राची आशाताई रुक्साना पाणी तपासायला आली. बॅटरीच्या उजेडात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप ओतावं लागेल, ती म्हणाली. हिराने नकारार्थी मान हलवली.

रुक्सानाने मेंढ्यांकडे पाहिलं. त्यांच्या नाकात अळ्या सोडणाऱ्या माशीला आबा फार भीत. एक मेंढी शिंकली तरी डॉक्टरांना फोन करत. डासांना मात्र हसत. चावून चावून किती रक्त पिणार, म्हणत.

"माशीची अळी मेंढीच्या नाकात वाढती," रुक्साना म्हणाली. "मेंढी शिंकती, आपल्याला कळतं. डासाची अळी आपल्या पिंपात वाढती, कुणाला कळत नाय. अन् डास एकाला चावून दुसऱ्याकडं जातो, आजार घेऊन. आबांना चावलेला डास आबांपाशीच थांबला नसंल, हिरा."

"त्यांच्या हातचं शेवटचं पाणी आहे हे."

"ठावं हाय. म्हणून मागल्या आठवड्यात तशीच माघारी गेले. चुकलंच माझं. काल बाळाबाईला नारायणगावला ॲडमिट केलं. डेंगीच निघाला."

शेजारच्या बाळाबाईनेच तेरा दिवस हिराला भाकरी आणून दिली होती.

हिरा उठली. दोघींनी पिंप आडवं केलं. आतल्या कडेला अंडी चिकटतात, म्हणून हिराने ते काथ्याने घासलं. आबांनी भरलेल्या पाण्याची रेघ पुसली गेली. ती रडली नाही.

दुपारी ती नारायणगावच्या दवाखान्यात बाळाबाईच्या खाटेपाशी बसली. माझ्या पिंपातलेच डास असतील, तिने सांगून टाकलं.

बाळाबाईने सलाईनचा हात जरा हलवला. "माझं पिंप तरी कुठं झाकलेलं व्हतं? जा, ते बी ओत. अन् संध्याकाळी ये परत. एकटी नको बसूस तिकडं."

वाचकहो, गेलेल्या माणसाची आठवण जरूर जपावी. साचलेलं पाणी जपू नये. आठवड्यातून एकदा आपलं पिंप घासून कोरडं करावं. त्यावर शेजाऱ्याचाही जीव अवलंबून असतो.