साबुदाण्याचा कंद

आमच्या वच्छलेची एक खोड मले कधीच पटली नाही. करते सगळं, सांगत काही नाही. सून होऊन आली तेव्हा वाटलं, शांत हाये. मंग समजलं, शहाणपण पोटात ठेवून वागते.

अमरावतीच्या दवाखान्याले तपासणीसाठी ससे लागत, म्हणून तिनं सहा ससे पाळले; त्यायले पिल्लं होत राहत. पिल्लं वाढीची, अन लढाईपायी चना मिळेना. तिचा भाऊ चंद्रभान पलटणीसोबत त्रावणकोरात होता. त्यानं तिकडून कसल्याशा झाडाच्या कांड्या आणल्या, याच्या कंदाचा साबुदाणा होते म्हणाला. आमच्या वलगावच्या मळ्यात वांग्याच्या कडेनं लावल्या. वर्षानं हातभर कंद निघाले. वच्छला ते सोलायची, चकत्या करायची, चार दिवस उन्हात कडक वाळवायची, अन मंग कोंड्यात कुटून सशायले द्यायची. मी म्हटलं, एवढे लाड तं माह्या लेकाचेही झाले नाहीत. ती चकत्या उलटवत राहिली.

एकादशीले ती भाजी घेऊन बाजारात गेली. दुकानात दोन वर्षांपासून साबुदाणा दिसला नव्हता. मी टोपल्यातला ताजा कंद काढला. साबुदाण्याचा, म्हणजे उपासाचाच. त्यात विचारायचं काय? रताळ्यासारखी कच्ची फोड कापून नातीच्या, शालूच्या हातावर ठेवली. बाकीचा चुलीपाशी ठेवून मोटेवर गडी आला का ते पाहाले गेली.

आली तं खुराड्यात एक पिल्लू मान टाकून पडलेलं. बाजूले पांढरा तुकडा, अर्धा कुरतडलेला.

मी ओट्याकडं धावली. शालू ओट्यावर झोपली होती. तिनं किती खाल्लं? गदगदा हलवली, तोंडाचा वास घेतला, मिठाचं पाणी पाजलं. पोरगी रडे, पण काही सांगेना. कोणत्या तोंडानं लेकापुढं, गोवर्धनापुढं उभी राहू, हेच डोक्यात. रडता रडता तिचे डोळे मिटू लागले की मी पुन्हा हलवायची.

वच्छला आली. पिल्लू पाहिलं, तुकडा पाहिला, अन टोपलं तिथंच टाकून पोरीजवळ बसली. हळूच विचारलं. तेव्हा शालू बोलली. कडू लागलं म्हणून थुकलं, अन राहिलेलं सशाले देल्लं.

वच्छलेनं तिले छातीशी धरलं. "आत्याबाई, कच्चा कंद जहर असते. दादानं सांगतलं होतं."

मले रडू आलं, पण मी ते दिसू दिलं नाही.

"फोड मी देल्ली, ते पाप माहं," मी म्हटलं. "पण वच्छले, जहर घरात आणून मुकं राहाचं नाही. उद्या माह्याजवळ बस, अन चकत्या कशा वाळवाच्या ते मले तोंडानं सांग. सासू हाये म्हणून भेऊ नको. भेलीस तं आजच्यासारखं होते."