सहा बाजार आणि आठ आठवडे

जामखेडच्या बाजाराच्या दिवशी सोनोग्राफीच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. भाजीची पिशवी आणि सुनेचं पोट, दोन्ही कामं एकाच खेपेत उरकतात. त्या दिवशी कडूबाई आपल्या सुनेला, धनश्रीला, घेऊन आली होती. मुलगा वाल्मिक बाहेर मोटारसायकलवर बसून राहिला. बायकांच्या कामात पुरुषानं कशाला पडायचं, अशी त्याची समजूत.

धनश्रीची ही पहिलीच वेळ. भरपूर पाणी पिऊन ये, लघवी तुंबव, म्हणजे गर्भ नीट दिसतो, असं नर्सनं बजावलं होतं. ती बाकावर पाय आवळून बसली होती.

"आत्या, आज दिसंल का वो?"

"दिसंल की. हलू नको, नीट बस." कडूबाईनं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. तोवर सासूच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

धनश्री लाजली. उत्तर कडूबाईनंच दिलं. "शिवरात्रीला बाहेर बसली हुती. उपासाची भगर म्याच दिली लांबून."

पोटावर गार जेली पडली तशी धनश्री दचकली. पडद्यावर काळ्या पिशवीत शेंगदाण्याएवढं काहीतरी दिसत होतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत होता. "हे त्याचं काळीज," डॉक्टरबाई म्हणाल्या. धनश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला ते पुसायचंही सुचलं नाही.

"पोरगा हाय का पोरगी?" कडूबाईनं विचारलं.

"भिंतीवरची पाटी वाचा. ते सांगणं गुन्हा आहे, आणि इतक्या लवकर कळतही नाही. आठ आठवडे झालेत, सगळं छान आहे. चला, पुढची!"

आठ आठवडे. गर्भाचं वय डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात. म्हणजे गर्भ राहण्याआधीचे दोन आठवडेही त्यात धरलेले असतात. रीत हीच आहे, आणि ती सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण बाहेर रांग होती.

कडूबाई आठवडे बाजारावर मोजायची. वाल्मिक ऊसतोडीला गेला होता. कारखान्याचा हंगाम संपला आणि तो ऐन होळीला परतला. तेव्हापासूनचे बाजार तिनं भाजीवालीसमोर उभ्या उभ्या बोटांवर मोजले. सहा भरले. पुन्हा मोजले, तरी सहाच. मेथीची जुडी तिनं तशीच परत टाकली.

घरी पोचल्यावर ती ओट्यावर बसली आणि तिनं मुलाला हाक मारली.

"वाल्या, होळीच्या आदी कुटं हुतास?"

"कारखान्यावर. का गं?"

"मग हिच्या पोटात दोन बाजार जास्तीचे हायेत, ते कुनाचे?"

धनश्रीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आत्या, काय बोलताय? तुमचा पाय मोडला म्हनून मी मागं राहिले. तुमाला उचलून न्हानीत नेत हुते. निजत हुते ते बी तुमच्याच अंथरुनाशेजारी."

"मला गोळीनं गुंगी यायची. त्याचाच फायदा घेतला रांडंनं!"

धनश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. चार महिने रोज फोनवर 'जेवलीस का' विचारणारा हा माणूस. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मशीन खोटं बोलतंय व्हय?"

तिनं देव्हाऱ्यापुढं बेलभंडार उचलला. आपल्याकडे बेलभंडार उचलला की जमिनीच्या बांधाची भांडणंसुद्धा मिटतात. बाईचं भांडण मात्र मिटत नाही. कडूबाई म्हणाली, "चोर बी उचलत्यात." धनश्रीनं वडिलांना, गोरक्षनाथला, फोन लावला. तिनं रडत सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "सासू म्हनंल तसं कर, बाई. हे फुटलं तर धाकटीला कोन पत्करंल?"

सगळ्यांनी आपापली अब्रू राखली. राखायचं राहिलं ते फक्त पोटातलं.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकनं कुठूनशा गोळ्या आणल्या. डॉक्टर नाही, तपासणी नाही, आणल्या त्या सरळ आईच्या हातात दिल्या.

"गिळ. न्हाईतर वेशीपस्तोर केसाला धरून नेते, सगळ्या गावाम्होरं सांगते."

"त्याचं काळीज हालत हुतं वो," धनश्री म्हणाली. "तुमी बी बघितलं, आत्या."

कडूबाईनं तिचा जबडा दाबून धरला. पाण्याचा पेला वाल्मिकनं धरला.

रक्त सुरू झालं तेव्हा कडूबाईनं तिला घरात राहू दिलं नाही. विटाळ! गोठ्याच्या कडेला पोतं टाकून दिलं. म्हैस शेपटी हलवत होती आणि धनश्री पोत्यावर कण्हत पडली होती. आतून एकदा आवाज आला, "गप पड, लोक ऐकत्याल." लोक ऐकण्याचीच त्या घराला भीती होती. शेवटी शेजारच्या लंकाबाईनं ऐकलं. तिनं स्वतःच्या दिराचा टेम्पो काढायला लावला. मागून मोटारसायकलवर वाल्मिक आणि कडूबाईही आले.

पुन्हा तोच दवाखाना, तीच गार जेली. पडद्यावर या वेळी लुकलुकणारं काहीच नव्हतं. डॉक्टरबाईंनी खोदून खोदून विचारलं आणि लंकाबाईनं जे ऐकलं होतं ते सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी बाहेरची रांग थांबवायला सांगितली. मग त्यांनी ते अर्ध्या मिनिटाचं वाक्य सांगितलं. दोन आठवडे आधीचे धरतात. मूल होळीनंतरचंच होतं.

वाल्मिक भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला. कडूबाईनं पदर तोंडाला लावला, पण क्षणभरच. "आमी अडानी मानसं, आमाला काय ठावं? झालं गेलं गंगेला मिळालं. चल पोरी, घरी चल. तरनी हायेस, वरसात दुसरं हुईल."

धनश्री कोपरावर रेटा देऊन उठली. चेहरा पांढराफटक, पण आवाज कापत नव्हता.

"आत्या, मॅडमनी शिवरात्रीपासून मोजलं. शिवरात्रीला मी त्याच गोठ्याकडंला बसले हुते. भगरीचं ताट तुमीच काठीनं सरकावलं, माजी सावली बी पडू दिली न्हाई. ते दोन बाजार कुनाचे इचारत हुता ना? ते तुमच्या डोळ्याम्होरचे हुते."



"आन् तुमी," ती नवऱ्याला म्हणाली, "मशीन मला वंगाळ म्हनलं तवा मानलंत. आता मशीन निर्मळ म्हनलं तर रडताय. म्या बेल उचलून सांगितलं, ते कुटं गेलं?"

वाल्मिक पुढं झाला. तिनं त्याचा हात झटकला.

"लंकामावशी, मला उठता आलं की पोलीस ठान्यात न्या. घरी न्हाई."

"मीही येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

गावात वाल्मिक आता भेटेल त्याला सांगतो, "हिशेबात चूक झाली हो, दोन आठवड्यांची." लोकही माना हलवतात, चुकचुकतात. अडाणीपणा, दुसरं काय! माझा या माना हलवणाऱ्यांना एकच सवाल आहे. समजा, हिशेब चुकला नसता. तर मग तो जबडा दाबणं, ती गोळी आणि ते गोठ्यातलं पोतं तुम्ही बरोबर मानलं असतं का?