टॉवेलाच्या खोळीतला संगणक

मी एक जुना संगणक आहे. सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका माडीवरच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. आता माझा नुसता पत्र्याचा डबा उरला आहे. तरी मित्रांनो, माझी गोष्ट ऐका. ती तुमच्या घरातही घडत असेल.

धर्मपाल कारखान्यात चादरी विणत. त्यांनी मला मुलांच्या अभ्यासासाठी घरी आणलं. थोरला सिद्धांत कॉलेजात होता, धाकटी धम्मप्रिया सातवीत. त्यांची आई बुद्धप्रिया त्याच खोलीत टॉवेलांच्या कडा शिवायची. भिंतीला लागून टॉवेलांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असत. शिलाई सुरू झाली की सुताचं बारीक तूस हवेत तरंगत राही.

मला ते तूस लागू नये, म्हणून आईने बाद झालेल्या जाड टॉवेलांची घट्ट खोळ मला शिवली. बटणापुरतं तेवढं भोक ठेवलं. शेजारच्या गिरिजाबाई म्हणाल्या, "बाळंतिणीवानी गुंडाळलंय की गं ह्याला!" सारे हसले. तेव्हा मलाही माझे लाड चालले आहेत असंच वाटलं.

मी चालू असतानाही ती खोळ कोणी काढत नसे. तूस मात्र खालच्या फटीतून आत येई आणि माझ्या पंख्यावर साचे. पाढे, चित्रं, शाळेचा प्रकल्प, एवढं मला झेपत होतं. पण धम्मप्रियाने गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला की मला जीव तोडून राबावं लागे. आतली गरम हवा आतच कोंडे. मग मी आपोआप बंद पडायचो. फार तापलो तर थांबावं, अशी सोयच मला बनवणाऱ्यांनी करून ठेवली होती.

"दादा, पुन्हा मेलं बघ हे!"

सिद्धांतने खेळ काढून पुन्हा टाकला. व्हायरस शोधला. माझ्यातलं सगळं पुसून नव्याने भरलं. मला हात लावून मात्र एकदाही पाहिलं नाही. शेवटी कुठलासा व्हिडिओ बघून त्याने माझी ती थांबण्याची सोयच बंद केली.

"आता बापजन्मात बंद पडणार न्हाय. खेळ किती खेळायचं ते!"

"लई भारी, दादा!"

त्यांच्या आनंदात मी एकटाच भ्यालो होतो. पण सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मप्रिया खेळायला बसली. एका बाजूला गठ्ठे, दुसऱ्या बाजूला मी, आणि दार माझ्या पलीकडे. शर्यतीमागून शर्यत झाली. मी थांबलो नाही. मला थांबताच येत नव्हतं.

आईचं मशीन थांबलं. "कसला वास यायलाय गं? दूध करपलं काय?"

"गॅस बंदच हाय की, आई."

आई तरी स्वयंपाकघरात पाहायला गेली. तेवढ्यात माझ्या आत एक वायर वितळली. खोळ तपकिरी झाली, मग काळी, आणि तिने पेट घेतला. पोरीचं सारं लक्ष पडद्यावर होतं.

"पिये! ऊठ आदी!" आई दारातूनच ओरडली.

"थांब की, शेवटचा फेरा हाय..."

आईने तिला दंडाला धरून खसकन ओढलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. तापलेली वायर हाताने उपसून, मला पेटत्या खोळीसकट काठीने ओढत सज्जात नेलं आणि माझ्यावर पाण्याची बादली ओतली. सर्वांत जवळच्या गठ्ठ्याची कड करपली होती. आणखी थोडा उशीर झाला असता, तर धुरात पोरीला दार दिसलं नसतं.

सिद्धांत आला तेव्हा खोलीत धुराचा वास भरून होता. आईच्या तळहाताला फोड आले होते. तो काही बोलण्याआधीच धम्मप्रिया रडत म्हणाली, "दादा, ते बंद पडत होतं तेच बरं होतं की रं."

मित्रांनो, आमची हवेची जाळी उघडी ठेवा, पंखा साफ करा. आम्ही वारंवार थांबू लागलो तर रागावू नका. आम्ही कशाने थांबतो ते आधी पाहा. बंद पडणं एवढीच मला हाक मारता येत होती. तीही बंद केल्यावर माझ्याकडे सांगायला फक्त धूर उरला.