बारा रिकाम्या मात्रा

शेवटच्या गुरुवारी बाबा आणि मी त्याचं बातमीपत्र लिहीत होतो.

वर्षातून चार वेळा तो ते काढायचा. कुठल्या चर्चमध्ये, कुठल्या कॉलेजात त्याची रचना वाजणार आहे, नवीन काय लिहून झालं, एवढंच त्यात असे. जिवंत संगीतकाराला हे स्वतःच करावं लागतं, मेलेल्यांची जाहिरात करायला ऑर्केस्ट्रा आहेत, असं तो म्हणायचा. पत्र दोनशे बारा पत्त्यांवर जायचं. ते त्याने स्वतः नव्हे, तर त्याच्या एखाद्या चिटणिसाने लिहिल्यासारखं असायचं. त्या धंद्यात सगळेच तसं लिहितात.

"लिही," बाबा म्हणाला. "एल्डन कांगस यांना कळवण्यास आनंद होतो की..."

"खरंच होतोय का आनंद?"

"पत्रात होतोय. घरी गुडघा दुखतोय."

टेबलावर कॉफी होती, वेलदोड्याचा पाव होता. खिडकीतून खाली डुलुथचं बंदर दिसत होतं, बर्फाने गच्च. मार्च संपेपर्यंत जहाजं बंद, आणि जहाजं बंद असली की बाबाचं कशातच धड लक्ष लागत नसे. त्याच्या डोळ्यांपुढे मधोमध डाग आला होता, कडेकडेने दिसायचं. मोठ्या रेघांच्या कागदावर पेन्सिलीने तो अजूनही संगीत लिहायचा, पण कॉम्प्युटरचा पडदा त्याला जमेना. म्हणून नऊ वर्षं त्याचं हस्तलिखित कॉम्प्युटरवर उतरवून वादकांसाठी छापील प्रती काढण्याचं काम माझ्याकडे होतं. बातमीपत्रही.

"यातले निदान वीस जण वारलेत," मी पत्त्यांची यादी बघत म्हणाले. "काढून टाकू?"

"असू देत. तेच माझे खरे श्रोते. मधेच उठून जात नाहीत."

पुढची बातमी त्याने सांगितली. चौदा मार्च, रविवारी दुपारी, मिनियापोलिस. तिसरं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची त्याची तिसरी रचना.

"आणि पुढे लिही, सुधारित आवृत्ती."

मी लिहिलं. तीन वर्षं प्रत्येक पत्रात हे दोन शब्द मी लिहीत आले होते, आणि प्रत्येक वेळी मान वर न करता.

"आदल्या दिवशी वादकांची तालीम आहे. मला येऊन बसायला सांगितलंय," तो म्हणाला. "नेशील मला?"

"शनिवारी लायब्ररीत माझी पाळी असते. बसने जा की. बसही मिनियापोलिसलाच जाते."

"पाळी बदलून घे ना. मला तिथे एक करून बघायचंय. त्या संथ भागात."

मी पडद्याकडेच बघत राहिले. काय करून बघायचंय, असं दुसऱ्या कुणीही विचारलं असतं.

"आता? प्रती कधीच्या पोचल्यात त्यांच्याकडे."

बाबाने पावाचा चुरा बोटाने ताटलीच्या कडेला गोळा केला. "बरं," तो म्हणाला. "राहू दे. पुढचं घे."

शुक्रवारी दुपारपर्यंत त्याच्या दारातलं बर्फ काढलेलं दिसलं नाही म्हणून शेजारच्या बाईंनी आत डोकावून पाहिलं. तो स्वयंपाकघरात होता. हृदय थांबलं होतं, सकाळीच कधीतरी. अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं.

त्या दोन शब्दांबद्दल आता सांगायला हवं.

आमच्या बंदराच्या तोंडाशी मोठं जहाज आलं की भोंगा देतं, आणि तिथला उचलता पूल भोंग्यानेच त्याला उत्तर देतो. मधे थोडा वेळ जातो. मी लहान असताना बाबा मला अंगणात उभं करून तो वेळ मोजायला लावायचा. मी भराभर मोजायची, आणि पुलाच्या आधी मीच भोंगा वाजवायची, तोंडाने. "तुला विचारलं नव्हतं," तो म्हणायचा.

तिसऱ्या क्वार्टेटच्या संथ भागात हेच आहे. चेलो एक खोल स्वर लांबवतो आणि थांबतो. मग बारा मात्रा कुणीच काही वाजवत नाही, दोन्ही व्हायोलिनं नाही, व्हिओला नाही, चेलोही नाही. मग व्हायोलिनं दबक्या आवाजात उत्तर देतात. त्या लयीत बारा मात्रा म्हणजे चौदा सेकंद. हस्तलिखितात त्या एकतिसाव्या पानाच्या तळाशी होत्या आणि पानावर त्या जागी स्वर असा एकही नव्हता, फक्त विरामाच्या खुणा. लायब्ररीत पुस्तकांची नोंद करणं हे माझं काम आहे आणि माझ्या नोंदीत चूक सापडत नाही असं तिथे सगळे म्हणतात. ते पान कॉम्प्युटरवर उतरवताना मी स्वर शोधत खाली आले, स्वर दिसले नाहीत, पान उलटलं.

इथपर्यंत ती चूक होती. पहिल्या कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी सहज ताडून बघताना ती माझ्या लक्षात आली. त्यानंतर तिला चूक म्हणता येत नाही.

एक फोन आणि चार नवे कागद, एवढंच करायचं होतं. पण चुकले असं बाबाला सांगायचं माझ्या जिवावर आलं. कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय त्याच्या संगीतात गप्प बसणंच फार असतं, थोडं कमी झालं तर बरंच. हे मी त्याच्या तोंडावरही थट्टेने म्हणत असे. त्या आठ दिवसांत मात्र मी ते थट्टेने म्हणत नव्हते.

कार्यक्रम आमच्याच गावातल्या लुथरन चर्चमध्ये होता. मी त्याच्या शेजारी बसले होते. चेलो थांबला तेव्हा बाबाने मांडीवरचा हात उघडला, बोटांवर मोजायला. आणि व्हायोलिनं लगेच सुरू झाली. त्याचा हात तसाच उघडा राहिला. थोड्या वेळाने त्याने तो मिटला.

शेवटी वादकांनी त्याच्याकडे हात केला, तो उठला, लोकांना वाकून नमस्कार केला. गाडीत म्हणाला, "छान वाजवलं पोरांनी." मी हो म्हणाले. त्या आठवड्यात एका समीक्षकाने लिहिलं की या खेपेस कांगस यांनी श्रोत्यांना ताटकळत ठेवलेलं नाही. बाबाने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि हसला.

पुढच्या बातमीपत्राच्या वेळी तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. "लिही," म्हणाला. "तिसऱ्या क्वार्टेटचा संथ भाग त्यांनी आता आटोपशीर केला आहे. यापुढे ते सुधारित आवृत्तीत वाजवलं जाईल." मग थांबला. बराच वेळ. मला वाटलं पुढची बातमी आठवतोय. आज मला वाटतं तो माझ्यासाठी थांबला होता.

"झालं लिहून," मी म्हणाले.

अंत्यविधीनंतर ते अर्धवट पत्र मी उघडलं. पहिली बातमी बदलायची होती. एल्डन कांगस यांचं निधन झालं हे कळवताना दुःख होतं, असं लिहिलं. कुणाला दुःख होतं ते त्या पत्राच्या पद्धतीत सांगताच येत नाही. बाकी बातम्या होत्या तशा ठेवल्या. ते दोन शब्दही ठेवले आणि पत्र पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी मिनियापोलिसहून फोन आला.

"लेना, मी नाओमी ब्रँट. त्या क्वार्टेटमध्ये चेलो वाजवते मी. आपण भेटलेलो नाही." मग तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "एल्डन तालमीला यायचा होता गं. आमच्याकडे प्रश्नांची ही एवढी यादी आहे. तू येशील का?"

"मी संगीतातली नाही."

"पण प्रत तू उतरवलीस ना? त्याच्या हाताचं तुझ्याइतकं कुणी वाचलेलं नाही."

येते म्हणाले. शनिवारची पाळी एका फोनवर बदलून मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी बाबाच्या कपाटातून हस्तलिखित काढलं. एकतिसावं पान. त्याने काही खोडलेलं नव्हतं. सुधारणारा माणूस आधी खोडतो. बारा मात्रांच्या खाली पेन्सिलीत लिहिलं होतं, "शांतपणे मोजा." मी हस्तलिखित परत कपाटात ठेवलं, दार लावलं, आणि सकाळी रिकाम्या हाताने अडीच तास गाडी चालवत गेले.

तालीम एका शाळेच्या सभागृहात होती. नाओमी पन्नाशीची, केस आखूड कापलेले, पायांत लोकरी मोजे. बूट तिने दाराशीच काढले होते. पहिलं व्हायोलिन ग्रेगचं. तो चौघांचा म्होरक्या. दुसरं हाना नावाच्या मुलीचं, आणि व्हिओला वाजवणारा एक दाढीवाला, बर्नी. मला तिसऱ्या रांगेत बसवलं. पहिला भाग त्यांनी छान वाजवला. मधे दोन शंका विचारल्या, मी उत्तरं दिली. स्वर कुठला, खूण कुणासाठी, असलं मला सांगता येत होतं.

मग संथ भाग. चेलोचा खोल स्वर आला, लांबला, थांबला. त्याबरोबर दोन्ही व्हायोलिनवाल्यांची धांदल उडाली. आवाज दबावा म्हणून व्हायोलिनच्या घोडीवर रबराचा छोटा तुकडा बसवतात, त्याला म्यूट म्हणतात. तो बसवायला आणि गज परत तारेवर आणायला त्यांना श्वासाइतकाही वेळ नव्हता. हानाचं म्यूट हातातून सुटलं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं.

"पाचव्यांदा," बर्नी म्हणाला. "हाना, त्याला दोरी बांध."

"तुझं काय जातं? तुझ्यासाठी म्यूट लिहिलेलंच नाही."

"एल्डनचा माझ्यावर जीव होता."

ग्रेगने व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं. "हे नाही जमणार. एल्डन विसरला बहुतेक, आम्हाला दोनच हात असतात."

"वर जाऊन विचारून ये," बर्नी म्हणाला.

"ए," नाओमी म्हणाली. "त्याची मुलगी बसलीये."

"सॉरी, लेना."

"असू दे," मी म्हणाले. "त्याला आवडलं असतं."

म्यूट मी उचलून हानाला नेऊन दिलं. परत येऊन बसले. कुणी काही विचारलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. पण त्यांनी आपसातच मार्ग काढायला घेतला होता.

"पहिल्या कार्यक्रमात कसं केलं होतं त्यांनी?" हानाने विचारलं.

"एकाने लावलंच नाही म्हणे," ग्रेग म्हणाला. "एकाने अर्धवट. कसंबसं नेलं पुढे."

"मग काढून टाकू या," नाओमी म्हणाली. "दोघंही म्यूटशिवाय हळू वाजवा. हे आटोपशीर करताना त्याच्या नजरेतून सुटलं असणार. डोळे गेले होते ना त्याचे? कागद दिसत नसताना लिहायचं म्हणजे..." तिने माझ्याकडे पाहिलं, फार प्रेमाने. "मी उद्या सुरुवातीला लोकांना दोन शब्द सांगेन. म्हणजे त्याला दिसत नव्हतं, तरी तो थांबला नाही, असं. चालेल ना तुला? लोक समजून घेतील."

मी मान हलवली. खरंच हलवली. साठ वर्षं लिहिणाऱ्या माणसाची एक चूक लोक उद्या समजून घेणार होते. त्यासाठी मला काहीच करायचं नव्हतं. हस्तलिखित दोनशे चाळीस किलोमीटरवर बंद कपाटात होतं. बाबाला जे करून बघायचं होतं ते त्याच्याबरोबर गेलं होतं.

"बरं, पेन्सिली घ्या," ग्रेग म्हणाला. "म्यूटची खूण खोडा. आणि चेलोनंतर लगेच आत यायचं, अजिबात थांबायचं नाही. हे इथे मोठ्याने लिहून ठेवा. थांबायचं नाही."

चौघे आपापल्या कागदांवर वाकले. हाना आधीच खोडायला लागली होती. रबराचा बारीक आवाज मला तिसऱ्या रांगेत ऐकू येत होता.

"खोडू नका," मी म्हणाले.

मला वाटलं होतं त्याहून आवाज मोठा निघाला. हानाने हात उचलला. मी कधी उभी राहिले ते कळलं नाही. समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

"त्याला दिसत होतं," मी म्हणाले. "जेवढं लिहायला लागतं तेवढं दिसत होतं. म्यूट लावायला वेळ हवा हेही त्याला माहीत होतं, तो वेळ त्याने दिलेला आहे."

"कुठे?" ग्रेगने कागद पालटून पाहिला.

"तुमच्या कागदावर नाही. चेलो थांबल्यावर बारा मात्रा रिकाम्या आहेत. चौघांनाही. त्याच्या हस्तलिखितात आहेत, एकतिसाव्या पानावर."

"पण सुधारित आवृत्ती?" नाओमी म्हणाली. "पत्रात तर..."

"सुधारित आवृत्ती नाहीच. त्याने एक मात्रासुद्धा कमी केलेली नाही. उतरवताना मी त्या सोडल्या. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी मला कळलंही होतं, आणि मी गप्प बसले. त्याला तिथे, चर्चमध्ये, ऐकू आलं. त्याने आपल्या नावावर घेतलं ते. मला तीन वर्षं होती त्याला सांगायला. गेल्या महिन्यात तो विचारतच होता, तरी मी सांगितलं नाही." पुढचं वाक्य त्या चौघांसाठी नव्हतं, पण तिथे तेच होते. "माझं चुकलं."