नाव तेवढं बदललं

रामाकोन्यात पिठाची चक्की चालवणाऱ्या शोभाबाईंनी नवऱ्याच्या माराविषयी संशोधक दीपालीला विश्वासानं सांगितलं होतं. नाव कुठंच येणार नाही, असा शब्द दीपालीनं दिला होता. सौंसरच्या सभेत तिनं अहवाल वाचला. नाव बदललेलं होतं, पण 'रामाकोन्याची चक्कीवाली' तसंच राहून गेलं. शोभाबाईंची नणंद समोरच बसली होती. ती ताडकन उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दीपाली माफी मागायला गेली, तर चक्की बंद. शोभाबाई दारातच बसल्या होत्या.

"गावात चक्कीवाली मी एकटीच हाय, बाई. मंग नाव बदलून काय झालं?" शोभाबाईंनी विचारलं.

"अहवालातून काढून टाकते."

"सारं गाव बोलून राहिलं. त्यांच्या तोंडातून कसं काढता?"