चौदा इंच पाणी

डाव्या टोकाला दोन बोल्ट होते. बाकी सगळे खिळे होते, चव्वेचाळीस. नेत्राने ते टॉर्च मारून डावीकडून उजवीकडे मोजले, मग उजवीकडून डावीकडे. आकडा बदलला नाही. घराच्या मागच्या भिंतीला सोळा फुटांची एक आडवी फळी ठोकलेली होती आणि मालिनीमावशीच्या नव्या डेकचं, मागच्या दाराबाहेरच्या लाकडी गच्चीचं, अर्धं वजन त्या फळीवर होतं. उरलेलं अर्धं बाहेरच्या बाजूच्या तीन खांबांवर. खांब भक्कम होते. फळी आणि भिंत यांच्यामध्ये मात्र उजव्या टोकाला नेत्राचं स्टुडंट कार्ड सहज आत जात होतं.

वर, जमिनीपासून नऊ फुटांवर, त्याच डेकवर यामिनी आणि तिच्या दोन मैत्रिणी झिम्म्याची प्रॅक्टिस करत होत्या. प्रत्येक उडीला ते कार्ड फटीत सैल व्हायचं आणि पुन्हा आवळलं जायचं. नेत्राने कार्ड काढून घेतलं आणि ती डेकखालून बाहेर आली.

यामिनी ही मावशीची एकुलती मुलगी. हिवाळ्यात तिचं लग्न झालं होतं, आता श्रावणातली पहिली मंगळागौर. मंगळवारी कुणालाच रजा मिळेना, म्हणून ती शनिवारवर ढकलली होती. वीस बायका येणार होत्या. पूजा हॉलमध्ये, जेवण किचनमध्ये आणि झिम्मा, फुगड्या, पिंगा सगळं डेकवर. खरं तर डेक घाईने बांधून घेतला तोच त्यासाठी.

नेत्रा शिकागोत सिव्हिलमध्ये एमएस करत होती आणि चार दिवस मावशीकडे राहायला आली होती. तिच्या लॅबमध्ये एक छोटा पादचारी पूल होता. त्यावर माणसांना उड्या मारायला लावायच्या आणि पूल किती हलतो ते मोजायचं, हे तिचं काम. वीस माणसं आपापल्या चालीने चालली तर पुलाला फारसं काही होत नाही. वीस माणसांनी एका तालावर उडी मारली तर पुलाला त्यांचं वजन दुप्पट लागतं, कधी त्याहून जास्त. आणि झिम्मा एका तालावरच खेळतात. सकाळी डेकवर बसून चहा पिताना कपातल्या चहावर वर्तुळं उठलेली तिला दिसली, म्हणून तर ती खाली उतरली होती.

संध्याकाळी तिने मावशीच्या यजमानांना, मनोहरकाकांना सांगितलं. काका बेसमेंटमध्ये त्यांच्या होम थिएटरमध्ये बसले होते. भिंतीवर काळी मऊ पॅनेल्स, छताला स्पीकर, मोठाल्या खुर्च्यांच्या दोन रांगा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं.

"बोल्ट घालायचे तर ही भिंत आतून फोडावी लागली असती. एकनाथराव तेच म्हणत होते. मी म्हटलं, थिएटर संपतं तिथे दोन घाला, बाकी जमणार नाही."

एकनाथ सावंत हे डेक बांधणारे सुतार, कुडाळचे, बहिणीच्या स्पॉन्सरशिपवर अमेरिकेत आलेले. सुरुवातीची वर्षं त्यांनी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांना फळ्या आणि काउंटर करून देण्यात घालवली. इलिनॉयमध्ये सुतारकामाचं राज्याचं असं लायसन्स नाही. ज्या त्या गावाचा नियम वेगळा, आणि इथे गाव म्हणजे दर दोन सिग्नलना एक. एकनाथराव मेडो रिजमध्ये राहत होते आणि तिथलं लायसन्स त्यांनी मोठ्या खटपटीने मिळवलं होतं. मनोहरकाकांच्या घराच्या पत्त्यावरही मेडो रिजच लिहिलेलं असे. त्यामुळे दोघं निर्धास्तपणे मेडो रिजच्या व्हिलेज हॉलमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, बांधकामाचं परमिट घ्यायला गेले. काउंटरवरच्या बाईने नकाशावर बोट फिरवलं आणि मान हलवली. घर प्लँक रोडच्या पलीकडे होतं, म्हणजे हेझलटनमध्ये. पोस्टाने आपल्या सोयीसाठी त्याला मेडो रिजचं नाव दिलं होतं, इतकंच. हेझलटनला हे लायसन्स चालत नव्हतं. त्यांची परीक्षा वेगळी, विम्याचे कागद वेगळे, आणि पुढची परीक्षा ऑक्टोबरात. श्रावण काही ऑक्टोबरपर्यंत थांबणार नव्हता.

"रस्ता ओलांडला की माणसाचा हात बिघडतो का?" काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी बऱ्याच पार्ट्यांत म्हटलेलं असणार, इतक्या सफाईने ते आलं. "इन्स्पेक्टर आला असता तर भिंत फोडली असती. परमिटच नाही, तर इन्स्पेक्टर कुठून येणार? विषय संपला."

"काका, ते खिळे भिंतीवरच्या व्हायनिल आणि फोमच्या थरांतून गेलेत. लाकडात फक्त टोकं आहेत."

"जुलैत पंधरा माणसं होती डेकवर. मी स्वतः ग्रिल करत होतो."

"ती उभी होती."

"मग ह्या बायका काय हत्ती आहेत?" काका हसले, आणि मग जरा मवाळ आवाजात म्हणाले, "नेत्रा, तुला सगळीकडे तुझा तो पूल दिसतो. आधी थिसिस पूर्ण कर, मग आमचा डेक पाड."

खेळ अंगणात घेऊ म्हटलं तर मागचं अंगण उताराचं, तिथे फुगडी घालणारी थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात जाऊन पडली असती. हॉलमध्ये पूजेची मांडणी. नेत्रा किचनमध्ये आली. मावशी ओट्यावर पत्री निवडत बसली होती. डेव्हनवर सोळा प्रकारची पानं मिळेनात, म्हणून तिने आख्ख्या गल्लीतल्या बागांमधून मागून आणली होती. खालचं बोलणं तिला जिन्यातून ऐकू आलेलं होतं. तिने पानांवरची नजर काढली नाही.

"फ्रिजवर एकनाथरावांचा नंबर आहे," ती म्हणाली. "उद्या काका ऑफिसला गेले की बोलाव त्यांना."

एकनाथराव आले ते पायी. त्यांच्या ट्रकच्या दारावर मेडो रिजचा लायसन्स नंबर रंगवलेला होता आणि तो ट्रक हेझलटनच्या कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून ते तो प्लँक रोडच्या पलीकडेच, मेडो रिजच्या हद्दीत, उभा करत. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पण मागच्या अंगणात येताना त्यांनी दोनदा वळून रस्त्याकडे पाहिलं. नेत्राने त्यांना फटीत कार्ड घालून दाखवलं. ते वाकले नाहीत की त्यांनी काही तपासलं नाही.

"मी रोज प्लँक रोडने गाडी घालतो, तिथून तुमची मागची बाजू दिसते," ते म्हणाले. "उभं आहे का, तेवढं बघतो आणि जातो."

"काकांना सांगितलंत?"

"दोनदा. मग गप्प बसलो. माझंच काम, मीच ठोकलंय." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तू हेझलटनला फोन करणार काय गो? तुझा हक्क आहे. पण ते मेडो रिजला कळवतील. मग तिकडचंही लायसन्स जाईल, आणि मला दुसरं काही येत नाही."

नेत्राने रात्रभर तोच विचार केला होता. फोन केला तर हा माणूस बुडणार. नाही केला तर उद्या दुपारी वीस बायका टाळ्या वाजवत एकदम उडी मारणार, आणि त्यांत यामिनी मधोमध असणार. तिसरी वाट तिला सकाळी दात घासताना सुचली होती.

"फोन नाही करत," ती म्हणाली. "आपण त्याच्यावर वजन ठेवून बघू. माणसांचं नव्हे, पाण्याचं."

"आणि पडलं तर?"

"तर रिकामं पडेल."

एकनाथराव बागेच्या पाइपचा नळ शोधायला गेले.

मावशीने शेजारच्या घरून मुलांचा हवा भरून फुगवायचा स्विमिंग पूल मागून आणला, उद्या पाहुण्यांची पोरं खेळतील असं सांगून. दहा फूट व्यासाचा, निळा. तो डेकवर घराच्या भिंतीला चिकटून मांडला. नेत्राने आतल्या बाजूला लाकडी फुटपट्टी टेपने चिकटवली. हिशोब साधा होता. एवढ्या पुलात एक इंच पाणी म्हणजे चारशे पौंड. वीस बायका नुसत्या उभ्या राहिल्या, तर सात इंच. झिम्मा खेळल्या, तर चौदा. चौदा इंच भरेपर्यंत डेक टिकला, तर ती काकांची माफी मागणार होती. यामिनी नवऱ्याबरोबर एअरपोर्टला सासूबाईंना आणायला गेली होती. मावशीला नेत्राने हॉलच्या पुढे यायचं नाही असं बजावलं.

नेत्रा सरकत्या दाराच्या आत उभी राहिली, पाय घराच्या जमिनीवर, नजर फुटपट्टीवर. एकनाथराव बाजूच्या अंगणात नळाशी. पाणी सुरू झालं.

दोन इंचांना काही नव्हतं. चार इंचांनाही. पूल भरत असतानाचा तो आवाज इतका घरगुती होता की नेत्राला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. एका पाहुणीने फोन करून उद्या काय आणू विचारलं, आणि मावशी हॉलमधून काकडीची कोशिंबीर म्हणून सांगत असलेली ऐकू आली. सहा इंच. सात.

साडेसात इंचांना खालून एक बारीक कुरकुर आली, ओला दरवाजा ढकलल्यासारखी. मग थांबली. नेत्राने खाली नळाकडे पाहिलं. नळाशी कुणी नव्हतं.

"एकनाथकाका?"

उत्तर डेकच्या खालून आलं. ते फळीखाली जाऊन उभे राहिले होते, दोन्ही हात वर करून, तळवे लाकडाला टेकवलेले. फळ्यांच्या फटींतून नेत्राला त्यांची टोपी दिसत होती.

"उजवीकडून येतोय आवाज," ते म्हणाले. "हाताला लागतंय."

"बाहेर या."

"जरा थांब."

"काका, तुमच्या डोक्यावर तीन हजार पौंड पाणी आहे." ती ओरडली. "बाहेर या. आत्ता."

टोपी हलली नाही. तेवढ्यात मावशी हॉलची हद्द सोडून तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि अगदी जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "एकनाथराव, या बघू इकडे. तुमच्या घरी कुणी वाट बघतंय ना?"

ते बाहेर आले. नळाकडे परत गेले आणि तिथेच गवतावर बसले. पाणी त्यांनी बंद केलं नाही. नेत्राने आठ मोजले, मग साडेआठ. पुलाची उजवी कड डावीपेक्षा जास्त भरलेली दिसत होती. तिने मावशीला हाताने मागे लोटलं. नऊ. दाराच्या चौकटीखाली, जिथे फळी भिंतीला टेकलेली होती, तिथून उजेडाची एक रेघ वर आली. आधी ती नव्हती. रेघ बोटाएवढी रुंद झाली.

मग उजवं टोक खाली गेलं. फार मोठा आवाज झाला नाही. खिळे एकामागून एक निघाल्याची कडकड, आणि मग पाणी, खुर्च्या, उद्यासाठी बांधलेली झेंडूची माळ, सगळं एकदम उतारावरून कुंपणाकडे वाहत गेलं. डावीकडचे दोन बोल्ट तसेच राहिले आणि डेक त्यांना लोंबकळत तिरपा उभा राहिला. दाराच्या बाहेर नऊ फूट खाली ओलं गवत दिसत होतं. मावशीने नेत्राचा दंड धरला होता आणि तो ती सोडत नव्हती.

एकनाथराव उठून निखळलेल्या फळीपाशी गेले. खिळे फळीतच होते, सरळ, एकही वाकलेला नाही.

फुटपट्टीवर नेत्राने वाचलेला शेवटचा आकडा साडेनऊ इंच होता.